‘वर्किंग लाइन’ जॅक रसेल घेताना: कागद नंतर, छातीचा घेर आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दिंडोरीजवळ तुमची द्राक्षबाग आहे. बांध आणि पॅकहाउसचा पाया घुशींनी पोखरून काढलाय, आणि एक विक्रेता तुम्हाला ‘प्युअर वर्किंग लाइन जॅक रसेल’, म्हणजे कामासाठीच पैदास केलेल्या वंशातलं टेरियर पिल्लू, देऊ करतोय, सर्टिफिकेटसकट. हे वर्किंग टेरियर प्रकरण नेमकं काय आहे? जॅक रसेल, पार्सन रसेल आणि फॉक्स टेरियर ही एकाच कुत्र्याची तीन नावं आहेत का? आणि त्या कागदाला किती किंमत द्यायची?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. कागद खरा असेल तर पिल्लाचे आईबाप कोण ते त्यावरून कळेल. पिल्लू काम करेल की नाही, ते कळणार नाही. असं का, हे सांगायला मात्र जरा लांबून यावं लागेल.

मी मूळची सांगलीची. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकले आणि गेली २२ वर्षं इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात जनावरांची डॉक्टर आहे. घरात चार टेरियर आहेत, आजवर सात वेतं माझ्या हाताखाली झाली. दवाखान्यापासून गाडीने थोड्याच अंतरावर स्विमब्रिज नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चच्या आवारात जॉन (लाडाने जॅक) रसेल नावाचा पाद्री पुरलेला आहे आणि गावच्या पबचं नावच ‘द जॅक रसेल इन’ आहे. कोल्हापुरात तांबड्या रश्श्याबद्दल मत नसलेला माणूस सापडायचा नाही, तसा या भागात टेरियरबद्दल मत नसलेला शेतकरी सापडत नाही. मीही आता त्यांच्यातलीच झाले आहे, तेव्हा पुढचं वाचताना तेवढं लक्षात ठेवा.

टेरियर तुम्ही लहानपणापासून पाहिलेला आहे. घरात नाट्यगीतांच्या जुन्या तबकड्या असतील तर त्यावर कर्ण्यासमोर मान वाकडी करून बसलेला एचएमव्हीचा कुत्रा आठवा. त्याचं नाव निपर. जन्म १८८४, ब्रिस्टलचा, म्हणजे आमच्या शेजारचाच. अंगात टेरियरचं रक्त, बाकी सरमिसळ. घरी आलेल्यांच्या पोटऱ्यांना चावे घ्यायचा म्हणून निपर. फ्रान्सिस बॅरॉडने त्याचं चित्र काढलं ते कुत्रा मेल्यानंतर, आणि ग्रामोफोन कंपनीने ते १८९९ मध्ये विकत घेतलं. जगातला सगळ्यात ओळखीचा टेरियर कुठल्याच शुद्ध जातीचा नव्हता. हे मुद्दाम आधी सांगतेय.

आता काम काय होतं ते बघू. ‘टेरियर’ हा शब्द जमिनीवरून आला. लॅटिनमध्ये ‘टेरा’, फ्रेंचमध्ये ‘तेर’. जमिनीत शिरणारा तो टेरियर. केंब्रिजचे डॉक्टर जॉन कायस यांनी १५७० मध्ये इंग्लंडच्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात खोकड आणि बॅजर (बिळात राहणारं, काळ्यापांढऱ्या तोंडाचं जनावर) यांच्या बिळात घुसून त्यांना बाहेर काढणारा हा कुत्रा वेगळा नोंदवलेला आहे. तो काळा की पांढरा, केसाळ की गुळगुळीत, याच्याशी कायसला कर्तव्य नव्हतं. काय करतो तेवढंच त्याने लिहिलं. पुढे १७९० मध्ये टॉमस ब्यूइकने दोन तऱ्हा सांगितल्या, एक खरखरीत केसांची, आखूड पायांची, लांब पाठीची. दुसरी गुळगुळीत, आटोपशीर, चपळ. सव्वादोनशे वर्षांचा टेरियरचा अधिकृत इतिहास साधारण एवढ्यावर आटोपतो. त्यापलीकडचं जे ‘प्राचीन वंश’ वगैरे ऐकाल ते विकणाऱ्याचं काव्य समजा.

मी खोकड म्हटलं, कोल्हा म्हटलं नाही. आपला कोल्हा म्हणजे यांचा जॅकल. यांचा फॉक्स हा आपल्या माळरानावरच्या खोकडाचा थोरला भाऊ, तांबडा, सहासात किलोचा. दिसायला मोठा वाटतो, पण ते सगळे केस आणि शेपूट. पावसात भिजलेला पाहिलात तर मांजरासारखा दिसतो. त्याच्या छातीचा घेर साधारण १४ इंच. हा आकडा टेरियरच्या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

कारण असं. शिकारी घोड्यावर, पुढे हाउंड कुत्र्यांचा ताफा, त्यांच्या पुढे खोकड. खोकड दमलं की जमिनीत शिरतं. तीस किलोचे हाउंड बिळाच्या तोंडाशी भुंकत उभे राहतात, त्यांचं काम संपलं. मग लहान कुत्रा आत सोडायचा. अंधारात, अरुंद भोकात, कधी वीस फूट आत जाऊन त्याने खोकड गाठायचं आणि तोंडासमोर उभं राहून भुंकत राहायचं. एक तर ते बिळाच्या दुसऱ्या तोंडाने बाहेर पळतं, नाही तर तिथेच खिळून राहतं. वर माणसं जमिनीला कान लावून आवाज कुठून येतोय ते शोधायची आणि तिथे खणायची. हल्ली गळपट्ट्यात ट्रान्समीटर असतो, पण खणायचं काम कुणाला चुकलेलं नाही.

यात कुत्र्याने खोकड मारायचं नाही. नवख्याला हे पटत नाही. आत मारामारी करणारा टेरियर इथे ‘हार्ड’ म्हणवतो, भुंकून अडवणारा ‘सॉफ्ट’. दारूच्या गुत्त्यात हार्डची फुशारकी चालते. शहाणा टेरियरवाला सॉफ्ट कुत्राच जपतो, कारण तो चार वर्षांनीही काम करत असतो. हार्ड कुत्रा दर आठवड्याला माझ्या टेबलावर टाके घालायला येतो. एकोणिसाव्या शतकात अनेकांनी धाडस वाढवायला बुल टेरियरचं रक्त मिसळलं. धाडस वाढलं, पण दोन गोष्टी बिघडल्या. छाती रुंद झाली, आणि कुत्रा मुका झाला. बुलडॉगचं रक्त आवाज न करता पकडतं आणि सोडत नाही. जमिनीखाली मुका कुत्रा म्हणजे संकटच. खणायचं कुठे?

आता छाती. बिळात माती असते, मुळं असतात, दगड असतात. डोकं गेलं, खांदे गेले आणि छाती अडकली, तर कुत्रा पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. म्हणून इथे टेरियर बघायला आलेला जुना माणूस कागद मागत नाही. तो कुत्र्याच्या मागे उभा राहतो, पुढच्या पायांच्या लगेच पाठीमागे दोन्ही हातांनी विळखा घालतो, अंगठे कण्यावर, बाकीची बोटं छातीखाली. दोन्हीकडची बोटं टेकली तर ठीक. मग पुढचे पाय किंचित उचलून हलकेच दाबतो. बरगड्या दबल्या पाहिजेत, पिंपासारख्या टणक लागता कामा नयेत. याला ‘स्पॅनिंग’ म्हणतात. आपल्याकडे वीत म्हणतो तसंच हे, फक्त दोन हातांचं. माझा हात लहान आहे, त्यामुळे माझ्या हातात मावलेला कुत्रा कुठल्याही बिळात मावतो. आमच्या भागात माझ्या या बोटांना जेवढा मान आहे, तेवढा माझ्या पदवीलाही नाही.

छातीचा नियम सगळीकडे एकच. बाकीचं शरीर मात्र जमिनीने घडवलं. इथे दक्षिणेत घोड्यावरची शिकार, मातीचे बांध, लांबच लांब पळापळ. टेरियरला घोड्यांमागे धावावं लागे, म्हणून पाय लांब हवेत. आणि रंग पांढरा, म्हणजे चिखलाने माखून बिळातून बाहेर आलेला तांबूस कुत्रा खोकड समजून हाउंडांनी फाडू नये. उत्तरेत, लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत, घोडा चालतच नाही. तिथे शिकार पायी, आणि ती हौसेपेक्षा मेंढपाळांच्या कोकरांसाठी. खोकड तिथे मातीत राहत नाही, कोसळलेल्या दगडांच्या राशीत राहतं. त्या राशींना तिथले लोक ‘बोरन’ म्हणतात. दगडात खणता येत नाही, त्यामुळे आत गेलेल्या कुत्र्याचा निभाव त्याच्या एकट्याच्या अकलेवर. म्हणून तिथे काळा, तांबडा, निळसर असा कुठलाही रंग चालला, पण जाड, पाणी न शिरणारं कातडं आणि दगडावर चढणारे पाय लागले. त्यांना सरसकट ‘फेल टेरियर’ म्हणत. फेल म्हणजे तिथल्या बोलीत डोंगर. त्यांच्यातलाच एक फाटा पुढे १९२१ मध्ये ‘लेकलँड’ म्हणून कागदावर आला. काळा गुळगुळीत ‘पॅटरडेल’ तिथल्याच एका खेड्याच्या नावावर ओळखला जातो आणि कागदाबाहेर राहिला. त्याला घडवणाऱ्यांत सिरिल ब्रे आणि फ्रँक बक ही दोन नावं मुख्य. ब्रे शाळामास्तर होते.

स्कॉटलंडच्या सीमेवरचा ‘बॉर्डर’ हा माझा लाडका, घरातल्या चारपैकी दोन तेच आहेत. पाणमांजरासारखं डोकं, सैल जाड कातडं. १९२० मध्ये तो केनेल क्लबच्या, म्हणजे कुत्र्यांच्या जाती नोंदणाऱ्या इथल्या संस्थेच्या, यादीत गेला, पण त्याच्या मानकातच (जातीचा कुत्रा कसा असावा ते सांगणाऱ्या कागदात) लिहून ठेवलंय की खांद्यामागे दोन हातांत मावला पाहिजे आणि घोड्यामागे धावता आलं पाहिजे. कागदावर जाऊनही फारसा न बिघडलेला टेरियर मला तरी हा एकच दिसतो.

वेल्सचा ‘सिलीहॅम’ कॅप्टन जॉन एडवर्ड्स यांनी पेंब्रोकशरमधल्या आपल्या वाड्यावर घडवला. एकेकाळी हॉलिवूडच्या नटनट्यांच्या मांडीवर बसणारा हा कुत्रा २००८ मध्ये ब्रिटनभर मिळून ४३ पिल्लांवर आला होता. वर्षाला ३०० पेक्षा कमी पिल्लांची नोंद झाली की इथला केनेल क्लब त्या देशी जातीला ‘धोक्यात’ म्हणतो, त्यावरून अंदाज घ्या. काम गेलं, मग फॅशनही गेली, उरलं काय?

आता जॉन रसेल. जन्म १७९५, डार्टमथ. ऑक्सफर्डला शिकत असताना १८१९ च्या मे महिन्यात त्याला एक दूधवाला भेटला आणि दूधवाल्याबरोबर एक टेरियर कुत्री. पांढरी, दोन्ही डोळ्यांवर आणि कानांवर गडद तपकिरी ठिपका, शेपटीच्या बुंध्याशी पैशाएवढा आणखी एक. रसेलने ती तिथल्या तिथे विकत घेतली. तिचं नाव ट्रम्प. आजचे सगळे जॅक रसेल तिच्यापासून आले असं सांगतात. तिचे आईबाप कोण हे मात्र कुणालाच ठाऊक नाही. दूधवाल्याचं नावसुद्धा ठाऊक नाही. इंग्लंडच्या युवराजाने पुढे तिचं चित्र काढवून घेतलं, ते सँड्रिंगहॅमला आहे, पण तेही ती मेल्यावर कित्येक वर्षांनी.

आणि ‘सगळे तिच्यापासून’ यातही फार अर्थ नाही. रसेल १८३० च्या दशकापासून स्विमब्रिजचा पाद्री होता, शिकारीचं वेड एवढं की पैशाची कायम ओढाताण. त्यापायी त्याला कुत्रे विकावे लागले, परत जमवावे लागले. जिथे चांगला काम करणारा टेरियर दिसला तिथून त्याने तो घेतला आणि आपल्या कुत्र्यांत मिसळला. १८८३ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्याकडे म्हातारे झालेले चारच टेरियर उरले होते. अखंड वंशावळ वगैरे काही नाही. होती ती एका माणसाची नजर, आणि ती त्याच्याबरोबर गेली.

गंमत पुढेच आहे. १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला, त्याच्या संस्थापक सभासदांत हा रसेल होता. १८७४ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात त्याने फॉक्स टेरियरचं परीक्षणही केलं. स्वतःचे कुत्रे मात्र त्याने रिंगणात नेले नाहीत. रिंगणाचं त्याला काय वाटत होतं ते यावरून समजा.

रिंगणात पुढे काय झालं? १८७६ मध्ये फॉक्स टेरियर क्लब निघाला, मानक ठरलं. प्रदर्शनात कुत्रा मातीत शिरत नाही, गालिच्यावर उभा राहतो. उभा राहिल्यावर डौलदार काय दिसतं? लांब अरुंद डोकं, ताठ खांदा, खोल छाती. तीसचाळीस वर्षांत नेमका हाच फॉक्स टेरियर तयार झाला. नावात खोकड आहे, पण खोकडाच्या बिळात त्याची छाती मावत नाही. यात कुणी पापी नाही. जे बक्षीस द्याल ते वाढतं, एवढाच हिशोब. आज जगप्रसिद्ध असलेलं ‘क्रफ्ट्स’ प्रदर्शनही १८८६ मध्ये सुरू झालं ते फक्त टेरियरांचं म्हणून. चार्ल्स क्रफ्ट हा कुत्र्यांची बिस्किटं विकणाऱ्या कंपनीचा माणूस, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

त्याच वेळी या आमच्या भागात आर्थर हाइनमन नावाचा शिकारी-पत्रकार उलट दिशेने चालला होता. १८९४ मध्ये त्याने बॅजर खणणाऱ्यांचा क्लब काढला, पुढे त्यालाच पाद्रीबुवांचं नाव दिलं, आणि १९०४ मध्ये रसेलच्या तऱ्हेच्या कुत्र्याचं पहिलं मानक लिहिलं. १४ इंच उंची, लांब पाय, आटोपशीर छाती. तिथून खरी भाऊबंदकी सुरू होते, आणि तुमच्या नावांच्या गोंधळाचं मूळ तिथे आहे.

विसाव्या शतकात प्रत्येक शेतावर, प्रत्येक तबेल्यात काहीतरी पांढरं-तपकिरी टेरियर होतं, आणि त्या सगळ्याला लोक ‘जॅक रसेल’ म्हणू लागले. त्यात आखूड पायांचे पुष्कळ. १९७४ मध्ये या सगळ्यांसाठी ग्रेट ब्रिटनचा जॅक रसेल क्लब निघाला. केनेल क्लबच्या यादीत जायचं नाही, ही त्याची शपथच. दुसऱ्या गटाला जायचं होतं. ते १९९० मध्ये गेले, ‘पार्सन जॅक रसेल’ या नावाने (पार्सन म्हणजे पाद्री), आणि १९९९ मध्ये ‘जॅक’ गळून ‘पार्सन रसेल’ उरलं. आखूड पायांचा कुत्रा ऑस्ट्रेलियात वेगळा वाढला, तिथून २००० मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत ‘जॅक रसेल’ म्हणून आला आणि २०१६ मध्ये इथल्या केनेल क्लबनेही तो घेतला. म्हणजे आज कागदावर पार्सन रसेल ३३ ते ३६ सेंटिमीटर उंच, जॅक रसेल २५ ते ३०. पाद्रीबुवांचा कुत्रा पार्सनसारखा होता. ज्याला त्यांचं पूर्ण नाव मिळालं तो त्यांच्या कुत्र्यासारखा नाही. पाय आखूड होण्याचं कारणही आता ठाऊक आहे. एफजीएफ-४ नावाच्या जनुकाची एक जादा प्रत गुणसूत्रावर भलत्या जागी चिकटली आहे, डॅक्सहुंडच्या पायांमागे तीच. तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: फॉक्स, पार्सन आणि जॅक ही एका घरातून वेगळी निघालेली तीन बिऱ्हाडं आहेत.

काम करणाऱ्या टेरियरवाल्यांचा कागदाला एवढा विरोध का? मला त्यांची सगळी मतं पटत नाहीत, पण हे पटतं. केनेल क्लबची वही बंद असते. एकदा वंश नोंदला की त्यातलेच नर, त्यातल्याच माद्या. अमेरिकेतला १९७६ चा जॅक रसेल क्लब दुसऱ्या रीतीने चालतो. तिथे वेत नोंदत नाहीत, कुत्रा नोंदतात, तोही वर्षाचा झाल्यावर, डॉक्टरने तपासल्यावर. आईबाप नोंदलेले आहेत म्हणून पिल्लू आपोआप आत येत नाही. आणि अंतःप्रजननाचा (जवळच्या नात्यातल्या पैदाशीचा) गुणांक १६ टक्क्यांच्या वर गेला की दार बंद. हा गुणांक समजून घ्या: सख्ख्या भावंडांच्या पिल्लांत तो २५ टक्के येतो, सावत्र भावंडांच्या पिल्लांत साडेबारा, चुलत-मावस भावंडांच्या पिल्लांत सव्वासहा. चांगला वंश ‘पक्का’ करायला ब्रीडर जवळच्या नात्यात मेळ घालतात, आणि थोडाफार मीही घातला आहे. पण त्यात नुसते गुण पक्के होत नाहीत, दडलेले रोगही होतात.

माझ्या धंद्याचा भाग इथे येतो, म्हणून जरा थांबते. टेरियरांत एक आजार आहे, डोळ्यातलं भिंग जागेवरून सुटण्याचा. भिंगाला धरून ठेवणारे बारीक धागे तीन ते आठ वर्षांच्या वयात तुटतात, भिंग पुढे येतं, डोळ्यातला दाब चढतो आणि कुत्रा ठणक्याने भिंतीला डोकं लावून बसतो. यामागचं जनुक २०१० मध्ये सापडलं. पार्सन आणि जॅक रसेलमध्ये तोल जाण्याचे दोन वेगळे आजार आहेत, त्यांची जनुकंही २०१३ आणि २०१४ मध्ये सापडली. तिन्ही आजारांत दोष सहसा आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो. आता गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की कळतं. पांढऱ्या कुत्र्यांत बहिरेपणाही असतो, त्याची कानाची चाचणी वेगळी.

पण चाचणी आली म्हणून अक्कल येत नाही. एका मित्राच्या कुत्रीत एक दोषी प्रत निघाली, म्हणजे ती स्वतः आजारी पडण्याची शक्यता फारच कमी होती. त्याने तिला वंशातूनच काढून टाकलं. मी त्याच्याशी भांडले. ‘वाहक’ (एकच दोषी प्रत असलेल्या) कुत्रीला निर्दोष नर दिला तर एकाही पिल्लाला दोन दोषी प्रती मिळत नाहीत, साधारण निम्मी वाहक निघतात, निम्मी स्वच्छ. पुढच्या पिढीत स्वच्छ निवडा. उत्तम काम करणारी कुत्री एका अक्षरासाठी फेकून दिली की तिच्याबरोबर बाकी हजारो चांगली जनुकं जातात आणि वंश अरुंद होतो. बेडलिंग्टन टेरियरचं उदाहरण घ्या. नॉर्थंबरलंडच्या कोळसा खाणकामगारांचा हा कुत्रा, त्याच्या यकृतात तांबं साठतं. दोषी जनुक २००२ मध्ये सापडलं, लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि मग त्या चाचणीत स्वच्छ निघालेले काही कुत्रेही आजारी पडले. अजून काहीतरी आहे. चाचणी एका दाराचं कुलूप बघते, घर बघत नाही.

कामाची परीक्षा तरी खरी असते का? अमेरिकेत लाकडी बोगद्यातून टेरियर पळवतात, टोकाला जाळीच्या पिंजऱ्यात सुरक्षित उंदीर. बोगदा ९ इंच रुंद, ९ इंच उंच. हिशोब करा: आतला घेर ३६ इंच. खोकडाच्या १४ इंची छातीच्या जगात त्या बोगद्यातून लठ्ठ लॅब्रॅडोरचं पिल्लूही जाईल. खेळ म्हणून छान आहे. त्याचं प्रमाणपत्र ‘वर्किंग’ म्हणून दाखवलं तर मात्र मला हसू येतं.

इथला कायदाही बदलला. १८ फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांनी खोकडाची शिकार बंद आहे. जमिनीखाली टेरियर सोडायला एकच सवलत उरली: बंदुकीच्या शिकारीसाठी राखलेल्या पक्ष्यांचं रक्षण करायचं असेल तर, एका वेळी एकच कुत्रा, जमीनमालकाची लेखी परवानगी खिशात, आणि खोकड बाहेर काढून लगेच गोळी घालायची. बॅजरला हात लावणं गुन्हा आहे. रविवारी संध्याकाळी खालचा जबडा फाटलेला कुत्रा घेऊन कुणी ‘तारेत अडकला’ म्हणत आला की मी टाके घालते आणि मग फोन उचलते. बॅजरचा चावा मला ओळखता येतो. टेरियर मला प्रिय आहेत, पण त्यांच्या नावाखाली चालणाऱ्या या क्रौर्याला मी परंपरा म्हणणार नाही.

मग आज टेरियर करतात काय? उंदीर. धान्याच्या कोठारात, कोंबड्यांच्या शेडमध्ये. विषाने मेलेला उंदीर घुबडाच्या पोटात जातो आणि विष पुढे सरकतं, म्हणून काही शेतकरी पुन्हा कुत्र्यांकडे वळलेत. दोनतीन टेरियर, बिळात धूर, आणि बाहेर पडलेला उंदीर मानेला धरून एक झटका. दोन सेकंदांत संपतं. पिंजरा आणि विष दोन्हींपेक्षा मला ते कमी निर्दय वाटतं.

आता दिंडोरी. टेरियर आपल्याकडे नवा नाही. इंग्रजांच्या छावण्यांतले साहेब हाउंड, टेरियर आणि हाताला लागेल ते कुत्रं एकत्र करून कोल्ह्यांमागे घोडे घालत. त्या कळपाला ते ‘बॉबरी पॅक’ म्हणत. बॉबरी म्हणजे गोंगाट, आणि हा शब्द आला आपल्या ‘बाप रे’वरून! आता ती शिकार आपल्याकडेही गुन्हा आहे, तेव्हा बागेतलं कुत्रं खोकडामागे लागू देऊ नका.

तुमचं काम घुशींचं. घूस किलोभराची होते, वेळ आली तर उलटून चावते. टेरियर तिच्या बिळात मावत नाही. बिळात पाणी सोडायचं किंवा धुरी द्यायची आणि तोंडाशी कुत्रं उभं करायचं. यासाठी चौदा इंची छातीही लागत नाही, चपळाई, दात आणि गप्प उभं राहायची अक्कल लागते. विक्रेत्याला एवढंच सांगा: पिल्लाची आई मला उंदरावर काम करताना दाखवा. व्हिडिओ नको, समोर. दाखवली तर तिला दोन हातांत धरून बघा, डोळ्यांची आणि तोल जाण्याची डीएनए चाचणी आईबाप दोघांची मागा, आणि मग किमतीचं बोला. दाखवली नाही तर उठून या. नाशिकच्या उन्हाळ्यात दुपारी ते काम करणार नाही हेही धरून चाला, आणि टेरियर नागालाही घाबरत नाही, घोणशीलाही नाही. तो त्याचा गुण नव्हे, तुमची डोकेदुखी आहे.

मला विचाराल तर आधी आसपासच्या चार वाड्या फिरा. घुशी मारणारी एखादी गावठी कुत्री कुठल्या ना कुठल्या खळ्यावर नक्की असते, आणि ती कुणाची हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. तिच्या पुढच्या वेतातलं पिल्लू मागून घ्या, शक्यतो मादी, आठ आठवड्यांची झाल्यावर. वर्षाची होईपर्यंत मोठ्या घुशीवर सोडू नका, लहान उंदरांवर हात बसू द्या. एकदा वाईट चावा बसला की काही कुत्री पुन्हा पुढे होत नाहीत.

लेप्टोची लस दर वर्षी, चुकवायची नाही, घुशींच्या मुतातून तो रोग कुत्र्याला आणि माणसालाही होतो. आणि कुत्रं घरात येईल त्याच्या आधी पॅकहाउसमधली झिंक फॉस्फाइडची पुडी, बांधावर ठेवलेल्या विषाच्या गोळ्या, सगळं उचला. विष आणि कुत्रं एका शेतात ठेवता येत नाही. विष खाऊन अर्धमेली पडलेली घूस कुत्र्याला सगळ्यात आधी सापडते.